मालमोटारीचें इंजिन व गिअरपेटी यांचा जोड

डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांतील बागाइतदाराच्या अवजारांची यादी करावयाची झाल्यास नांगर, पंप व फवारणीचें यंत्र यांच्या जोडीस आतां मालमोटारीचें नांव घालणें प्राप्त आहे. घोलवड-डहाणूकडील चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकनानें फळाचा टिकाऊपणा वाढत नाहीं. तोडलेला चिकू थोड्याच दिवसांत मऊ पडतो, आणि वाशीचा घाऊक बाजार येथून शंभर किलोमीटरांहून पुष्कळ अधिक लांब आहे. तलासरीकडील भात, भाजी व गवत यांची गोष्ट थोडी निराळी असली, तरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर बंद पडून उभी राहिलेली गाडी तेथल्या शेतकऱ्यासहि तितकीच महाग पडते. भाडें वाचावें म्हणून कोणी एकट्यानें, तर कोणी दोघां-चौघांच्या भागींत जुनी मालमोटार विकत घेतात. गाडीचा सांगाडा, हौदा व मागचा आंस चांगला असतो. इंजिन मात्र थकलेलें असतें. मग प्रश्न पडतो कीं, त्याच इंजिनाची दुरुस्ती करावी, कीं दुसऱ्या एखाद्या गाडीचें चालतें इंजिन आणून तें या गाडीच्या गिअरपेटीस जोडावें?

दुसरा मार्ग ऐकावयास सोपा वाटतो. भंगारांतून इंजिन मिळतें, मिस्त्री “बसवून देतों” म्हणतो, आणि मालक एकच प्रश्न विचारतो, “किती अश्वशक्तीचें?” आमच्या मतें हा प्रश्न तिसरा किंवा चौथा होय. पहिला प्रश्न असा आहे कीं, इंजिनाच्या क्रँकची मध्यरेषा आणि गिअरपेटीच्या दांड्याची मध्यरेषा एका सरळ ओळींत येते कीं नाहीं. एक बैल उंच व एक ठेंगणा असा जोड जुंपला, तर गाडी चालतच नाहीं असें नाहीं. ती चालते, पण जूं एका बाजूस कलतें आणि चार कोसांत एकाचा खांदा सुजतो. इंजिन व गिअरपेटी यांचेंहि असेंच आहे. विजोड जोडणीची गाडी गॅरेजच्या दारांतून झोकांत बाहेर पडते. तिचा खांदा सुजतो तो पुढें ऐन हंगामांत. हा तोटा टाळण्याचा उपाय महागडा नाहीं. पैसे मोजण्यापूर्वीं मापें घेणें, एवढाच तो आहे. हीं मापें कोणतीं व तीं कां घ्यावयाचीं, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

जोडणीचा थोडा इतिहास

एका गाडींत दुसरें इंजिन बसविण्याची कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांतील पीटरबरो येथें १९३२ सालीं स्थापन झालेल्या पर्किन्स कंपनीनें १९३७ सालीं ‘पी-सिक्स’ नांवाचें सहा सिलिंडरांचें डिझेल इंजिन बाजारांत आणलें. सुमारें ४.७ लिटर आकारमानाचें हें इंजिन २४०० फेऱ्यांस सुमारें ८३ अश्वशक्ति देत असे. त्या काळच्या बहुतेक मालमोटारी पेट्रोलवर चालत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाचा खर्च वांचविण्यासाठीं त्या गाड्यांतील पेट्रोल-इंजिन काढून त्या जागीं पर्किन्सचें डिझेल इंजिन बसविण्याचा मोठा व्यवसायच उभा राहिला. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कंपनी नुसतें इंजिन विकून मोकळी होत नसे. कोणत्या गाडीस कोणती जोडपट्टी, कोणतें हाउसिंग व कोणता आधार लागेल, याचा संच ती त्या त्या गाडीच्या मापानें पुरवी. यश आलें तें या मापांच्या संचामुळें.

आपल्याकडे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व मुंबईंत कुर्ला येथील तिच्या कारखान्यांत १९४७ पासून गाड्यांची जुळणी सुरू झाली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीनें १९५० नंतरच्या दशकांत पर्किन्सचीं इंजिनें भारतांत बनविण्यास आरंभ केला. टाटांच्या टेल्को कंपनीनें मात्र १९५४ सालीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास सुरुवात केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. त्या गाड्यांचें इंजिन व गिअरपेटी एकाच आराखड्यांतून आलेलीं असल्यामुळें मिस्त्रीस दोहोंचा मेळ घालीत बसण्याचें कारण पडत नसे. पुढें १९८० नंतरच्या दशकांत जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें चार हलक्या मालमोटारी बाजारांत आल्या, आणि १९८६ सालीं टाटांची ४०७ आली. जपानी सहकार्याच्या चार गाड्यांपैकीं डीसीएम टोयोटा व ऑलविन निसान या पुढें बंद पडल्या. ज्या गाडीचें उत्पादन थांबलें तिचे सुटे भाग दुर्मिळ होतात, आणि तिच्या मालकास परक्या इंजिनाचा मोह पडतो. सारांश, जोडणीचा प्रश्न उद्भवतो तो बहुधा गाडीच्या म्हातारपणीं, म्हणजे मालकाच्या हातांत पैसा थोडा असतांना. याच कारणास्तव तो अधिक विचारानें सोडविला पाहिजे.

जोडांत काय काय असतें

इंजिनाच्या मागील टोकास क्रँकवर फ्लायव्हील नांवाचें जड चाक बसविलेलें असतें. फ्लायव्हीलवर क्लचची प्लेट व तिला दाबून धरणारी प्रेशर-प्लेट असते. गिअरपेटींतून पुढें आलेला क्लच-शाफ्ट या प्लेटच्या मधल्या भोंकांतून जातो. त्याच्या अंगावरील उभ्या खांचा, ज्यांस मिस्त्री लोक स्प्लाइन म्हणतात, त्या प्लेटच्या खांचांत अडकतात. शाफ्टचें अगदीं पुढचें टोंक क्रँकच्या पोटांतील एका लहानशा बेअरिंगांत टेकतें; तें पायलट बेअरिंग. या सर्वांस बाहेरून झांकणारें घंटेच्या आकाराचें ओतीव कवच म्हणजे बेल-हाउसिंग. इंजिन व गिअरपेटी यांस एकत्र धरणारे बोल्ट या कवचांतून जातात.

येथें पुष्कळांची अशी समजूत असते कीं, बोल्ट आंवळले म्हणजे जोड झाला. वस्तुतः बोल्टांचें काम धरून ठेवण्याचें आहे. मध्य साधण्याचें नव्हे. मध्य साधला जातो तो हाउसिंगच्या कांठाच्या वर्तुळानें व डॉवेल नांवाच्या दोन घट्ट खुंट्यांनीं. डॉवेल हरवले, झिजले किंवा “बसत नाहींत” म्हणून काढून टाकले, तर बोल्ट कितीहि घट्ट असोत, गिअरपेटी केसभर खालीं उतरलेली राहते. जुन्या गाडीचें इंजिन उतरवितांना डॉवेल डब्यांत जपून ठेवण्यास मिस्त्रीस बजावून सांगावें.

पांच मापें

इंजिनाचा सौदा करण्यापूर्वीं पुढील पांच मापें दोन्ही बाजूंचीं घेऊन कागदावर लिहावींत.

पहिलें माप हाउसिंगचें. अमेरिकेंतील मोटार-इंजिनीयरांच्या संस्थेनें ठरवून दिलेल्या प्रमाणाप्रमाणें जड इंजिनांच्या हाउसिंगांस क्रमांक असतात. ३ क्रमांकाच्या हाउसिंगचें आंतील वर्तुळ ४०९.५८ मिलिमीटर, २ क्रमांकाचें ४४७.६८ व १ क्रमांकाचें ५११.१८ मिलिमीटर असतें. क्रमांक जितका लहान तितकें वर्तुळ मोठें. दोन्ही बाजू एकाच क्रमांकाच्या असतील, तर अर्धें काम झालें. परंतु हलक्या मालमोटारींत हें प्रमाण बहुधा पाळलेलें नसतें. तेथें कंपनीगणिक, आणि कधीं कधीं एकाच कंपनीच्या दोन सालच्या गाड्यांत, बोल्टांच्या जागा निराळ्या असतात. म्हणून नांवावर विसंबूं नये. जाड पुठ्ठ्यावर दोन्ही तोंडांचे ठसे उतरवून एकमेकांवर ठेवून पाहावे.

दुसरें माप क्लच-शाफ्टच्या स्प्लाइनचें. खांचांची संख्या, बाहेरील व्यास व खांचांची रुंदी हीं तिन्ही क्लच-प्लेटशीं जुळलीं पाहिजेत. प्लेट शाफ्टवर हातानें सहज पुढें-मागें सरकली पाहिजे. ती हातोडीनें बसवावी लागली तर क्लच कधींच पुरता सुटणार नाहीं.

तिसरें माप शाफ्टच्या टोंकाचें व पायलट बेअरिंगाचें. टोंकाचा व्यास व बेअरिंगाचें भोंक यांचा मेळ नसेल, तर योग्य मापाचें बेअरिंग शोधावें किंवा लेथवर बुश करून घ्यावा.

चवथें माप खोलीचें, आणि सर्वांत अधिक घोटाळा याच मापांत होतो. हाउसिंगच्या तोंडापासून पायलट बेअरिंगापर्यंतची खोली एका बाजूस मोजावी, आणि गिअरपेटीच्या तोंडापासून शाफ्टच्या टोंकापर्यंतची लांबी दुसऱ्या बाजूस मोजावी. मध्यें जोडपट्टी घालावयाची असेल तर तिची जाडी हिशेबांत धरावी. पट्टी जाड झाली तर शाफ्टचें टोंक बेअरिंगापर्यंत पोंचत नाहीं व शाफ्ट लोंबकळत फिरतो. ती पातळ झाली तर शाफ्ट क्रँकवर जाऊन आदळतो, क्रँक पुढें रेटला जातो, आणि त्याचे थ्रस्ट-वॉशर झिजून नवें आणलेलें इंजिन निकामी होतें.

पांचवें माप फ्लायव्हीलचें: त्याचा व्यास, त्याच्या कडेवरील दांते व क्रँकवरील बोल्टांची रचना. स्टार्टर कोणत्या बाजूचा राहणार आणि त्याची दांतेरी कडीशीं जुळते कीं नाहीं, हें याच वेळीं ठरतें. आणखी एक सावधगिरी अशी कीं, कांहीं इंजिनांत क्रँकचा तोल साधण्यासाठीं फ्लायव्हीलवरच वजन ठेवलेलें असतें. अशा इंजिनास दुसरें फ्लायव्हील लावल्यास गाडी थरथरूं लागते व कालांतरानें क्रँक तुटण्याचा संभव असतो.

मध्यरेषेची परीक्षा

पांचहि मापें जुळलीं तरी एक परीक्षा उरते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणीं गाळली जाते. इंजिनावर हाउसिंग बसवून, गिअरपेटी लावण्यापूर्वीं, फ्लायव्हीलवर डायल गेज बसवावा. त्याची सुई हाउसिंगच्या आंतील वर्तुळावर टेकवून इंजिन हातानें सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावें. सुई जेथवर खालीं गेली व जेथवर वर गेली, त्या दोन आंकड्यांतील अंतर टिपून ठेवावें. मध्य जितका सरकला असेल त्याच्या दुप्पट हें अंतर दिसतें. जड मालमोटारींसाठीं हें एकूण अंतर साधारणतः ०.२० मिलिमीटरहून अधिक नसावें असें मानतात. गाडीच्या कंपनीचें पुस्तक हाताशीं असल्यास त्यांतील आंकडा प्रमाण धरावा. त्यानंतर सुई हाउसिंगच्या तोंडावर टेकवून तोंड तिरपें नाहीं ना, हेंहि पाहावें.

०.२० मिलिमीटर म्हणजे वहीच्या दोन-अडीच पानांची जाडी. एवढ्याशा अंतरानें काय होणार, असें वाटणें साहजिक आहे. परंतु इंजिन मिनिटास २४०० फेरे घेतें. मध्य चुकला असेल, तर प्रत्येक फेऱ्यास शाफ्ट एकदां वांकविला व एकदां सोडला जातो. म्हणजे एका तासांत १,४४,००० वेळां. लोखंडी तार हातानें पुनः पुनः वांकविली म्हणजे ती शेवटीं तुटते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. येथें प्रथम पायलट बेअरिंग ओरडूं लागतें. मग क्लच-प्लेटचा मधला भाग उखडतो. गिअरपेटीचें पुढचें बेअरिंग जातें. आणि शेवटीं टाकलेला गिअर आपोआप सुटूं लागतो.

हें शेवटचें लक्षण केवळ खर्चाचें नाहीं, तें जिवावरचें आहे. जव्हारच्या घाटांतून भरलेली गाडी उतरतांना चालक खालच्या गिअरांत इंजिनाच्या जोरावर गाडी आंवरून धरतो. अशा वेळीं गिअर सुटला, तर सारा भार ब्रेकांवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरीत नाहींत. हौद्यांत माल आपला असला तरी चाकावर बसलेला माणूस दुसऱ्याच्या घरचा असतो, हें मालकानें विसरूं नये.

अंतर अधिक निघाल्यास हाउसिंग सैल करून योग्य दिशेस सरकवावें, पुनः मोजावें, आणि मध्य साधल्यावर डॉवेलचीं भोंकें नव्यानें साधून घ्यावींत. जोडपट्टी लागत असेल तर ती गॅस-कटरनें कापलेली नसावी. लेथवर किंवा बोरिंग यंत्रावर तिचें तोंड सपाट व वर्तुळ मध्याशीं नेमकें केलेलें असावें. जोडतांना गिअरपेटी जॅकवर तोलून धरावी. तिचें वजन क्लच-प्लेटवर लोंबूं देऊं नये. दोन तोंडांमध्यें फट राहिली असतां ती बोल्ट आंवळून मिटविण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. फट राहते याचा अर्थ आंत कांहीं तरी अडलें आहे, तें शोधावें. बोल्टांनीं ओढून घेतलेल्या जोडांत हाउसिंगचा कान तरी तुटतो, किंवा प्लेट तरी वांकते.

वेग व जोर यांचें गणित

आतां अश्वशक्तीचा प्रश्न. समजा, एका जुन्या पेट्रोल-गाडीच्या मागच्या आंसाचें प्रमाण ५ ला १ आहे, वरच्या गिअरांत गिअरपेटी १ ला १ फिरते, व टायरचा एक फेरा २.५ मीटर अंतर तोडतो. इंजिन ३५०० फेऱ्यांनीं फिरलें, तर चाकाचे फेरे ७०० होतात, व गाडी मिनिटास १७५० मीटर, म्हणजे तासास १०५ किलोमीटर जाते. त्याच गाडींत २४०० फेऱ्यांवर थांबणारें डिझेल इंजिन बसविलें, तर चाकाचे फेरे ४८० व वेग तासास ७२ किलोमीटर उरतो. इंजिनांत दोष कांहींच नाहीं, मिस्त्रीनेंहि कसूर केलेली नाहीं. तरी महामार्गावर मालक म्हणतो कीं, गाडी ओढीत नाहीं. मग चालक इंजिन सदा शेवटच्या फेऱ्यांवर ठेवतो, आणि तेल व आयुष्य दोन्ही जळतात. उपाय म्हणजे आंसाचें प्रमाण बदलणें किंवा ०.७ ला १ असा ओव्हरड्राइव्ह असलेली गिअरपेटी घेणें. तिनें वेग पुनः तासास सुमारें १०३ किलोमीटरपर्यंत येतो. यास्तव हिशेब इंजिन आणण्यापूर्वीं करावा.

जोराचा हिशेब याच्या उलट बाजूचा आहे. गिअरपेटी कमाल २०० न्यूटन-मीटर पीळ सोसण्यासाठीं बांधलेली असून तिला ३०० न्यूटन-मीटरचें इंजिन जोडलें असें धरा. पहिल्या गिअराचें प्रमाण ६ व आंसाचें ५ असल्यास, घर्षणांतील नुकसान सोडून, मागच्या आंसावर ६००० च्या जागीं ९००० न्यूटन-मीटर पीळ येतो. गिअराचे दांते, प्रॉपेलर शाफ्टचे सांधे व आंसाचे दांडे या सर्वांवर दीडपट भार पडतो. सपाट रस्त्यावर हें जाणवत नाहीं. पावसाळ्यांत वाडीच्या चिखलांतून भरलेली गाडी पहिल्या गिअरांत काढतांना एखादा दांडा मोडतो. एकाच नांवाचें इंजिन टर्बोसह व टर्बोविना अशा दोन प्रकारांत मिळतें, आणि दोहोंच्या जोरांत पुष्कळ फरक असतो. म्हणून बाहेरून सारखें दिसणारें इंजिन आंतूनहि सारखें आहे असें गृहीत धरूं नये. त्याच्या पाटीवरील अक्षरें व आंकडे पुरते उतरून घ्यावेत.

ब्रेक, आधार व पाणी

इंजिन बदललें म्हणजे त्याच्यावर अवलंबून असणारीं कामेंहि बदलतात. यांत ब्रेक पहिला. पेट्रोल-इंजिनाच्या शोषनळींत आपोआप निर्वात निर्माण होतो व तो ब्रेकांस साह्य करतो. डिझेल इंजिनांत तसा निर्वात मिळत नाहीं. त्यास निराळा निर्वात-पंप लागतो, आणि हवेचे ब्रेक असल्यास कॉम्प्रेसर लागतो. आणलेल्या इंजिनावर हा पंप किंवा कॉम्प्रेसर नसेल, अथवा तो लहान असेल, तर ती गाडी रस्त्यावर आणूंच नये.

दुसरें, आधार. इंजिनाचें फाउंडेशन-रबर व सांगाड्यावरील ब्रॅकेट अशा उंचीवर यावेत कीं, गिअरपेटीचा मागचा दांडा व आंसाचा पिनियन परस्परांस समांतर राहतील. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोंकांचे कोन विषम झाले, तर ठराविक वेगावर गाडी थरथरते. शाफ्ट लांब-आंखूड करावा लागल्यास तो तोलून घ्यावा. नवें इंजिन जुन्याहून जड असेल तर पुढील कमानपाटेहि पाहावे लागतात. तिसरें, रेडिएटर. मोठ्या इंजिनाची उष्णता लहान रेडिएटरनें निघत नाहीं, आणि मे महिन्यांत भरल्या गाडीनें चढ चढतांना ही उणीव उघडी पडते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाचा आशय असा कीं, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकानें ठरविलेल्या स्वरूपाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ कडकपणें लावला आहे. मंजुरीशिवाय फेरफार झाला असल्यास तो १४ दिवसांच्या आंत नोंदणी-अधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन त्याच कलमांत आहे. त्याच बनावटीचें व त्याच प्रकारचें इंजिन बदलून घेणें ही एक गोष्ट, आणि निराळ्या बनावटीचें इंजिन बसविणें ही अगदीं दुसरी गोष्ट. दुसरीस परवानगी मिळेलच असें धरून चालूं नये. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्राशीं जुळला नाहीं, तर तपासणीच्या वेळीं गाडी अडते, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यांत वाद उपस्थित होतो. म्हणून परिवहन कार्यालयांत आधीं चौकशी करून लेखी उत्तर घ्यावें, व विमा कंपनीसहि कळवावें. विकणाराकडून इंजिनाच्या मालकीची पावती घ्यावी. पावतीवांचून मिळणारें स्वस्त इंजिन चोरीचें असूं शकतें.

यंत्रशास्त्राचा सल्ला व कायद्याचा सल्ला येथें एकच पडतो. शेतकऱ्यानें होतां होईल तों मूळ इंजिनाचीच पुरी दुरुस्ती करावी. तें शक्य नसल्यास त्याच बनावटीचें, त्याच प्रकारचें इंजिन शोधावें, आणि मिळाल्यास त्याची स्वतःची गिअरपेटी, क्लच व हाउसिंग यांसह अखंड जोड उचलावा. असा जोड घेतांना पैसे थोडे अधिक पडतात. पण जोडपट्टी, लेथचें काम, निराळी प्लेट व पुनः पुनः उतरवण्या-चढवण्याची मजुरी यांचा हिशेब मांडला, तर बहुधा तोच स्वस्त ठरतो. अखंड जोडहि आपल्या गाडीच्या आधारांस, प्रॉपेलर शाफ्टास व आंसाच्या प्रमाणास जुळतो कीं नाहीं, हें वर सांगितल्याप्रमाणें पाहावेंच लागतें. परक्या इंजिनाचा विचार या दोन्ही वाटा बंद झाल्यावर, परवानगी हातीं आल्यावर, आणि पांचहि मापें जुळल्यावरच करावा. तीं जुळत नसतील, तर गाडी विकून टाकण्यांत कमीपणा नाहीं.

मिस्त्रीशीं करार

काम देतांना तोंडी बोलण्यावर राहूं नये. इंजिनाचा क्रमांक, घेतलेलीं पांच मापें, डायल गेजचें वाचन, बसविलेल्या प्लेटचें व बेअरिंगांचें माप, आणि काम पुरें करण्याची तारीख, एवढें एका कागदावर लिहून दोघांनीं सही करावी. चांगला मिस्त्री या कागदास कधींच नाकारीत नाहीं. उलट पुढील तक्रारींत तो त्याच्याच उपयोगीं पडतो. काम झाल्यावर प्रथम रिकामी गाडी, मग अर्धी भरलेली, व शेवटीं पूर्ण भरलेली गाडी चालवून पाहावी. क्लच दाबला असतां आवाज बदलतो काय, उतारावर गिअर सुटतो काय, इंजिन व गिअरपेटीच्या सांध्यांतून तेल झिरपतें काय, या तीन गोष्टी विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. कांहीं किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुनः एकदां तपासून घ्यावेत. ही परीक्षा पावसाळ्यापूर्वीं व हंगामाच्या आधीं व्हावी. माल तोडून ठेवल्यावर गाडीची परीक्षा घेणें म्हणजे फळ पणास लावणें होय.

शेवटीं सहकारी संस्थांच्या चालकांस एक सूचना करावीशी वाटते. डायल गेज व त्याचा चुंबकी आधार, मोठा व्हर्निअर कॅलिपर, क्लच मध्यावर आणण्याचा दांडा आणि पीळ मोजणारा पाना, हीं चार साधनें एका शेतकऱ्यास क्वचितच लागतात. यास्तव तीं एकट्यानें घेणें परवडत नाहीं. डहाणू किंवा तलासरीच्या एखाद्या संस्थेनें तीं विकत घेऊन सभासदांस अल्प भाड्यानें द्यावींत, आणि सोबत एक नोंदवही ठेवावी. कोणत्या सालच्या गाडीच्या हाउसिंगचें माप काय, शाफ्टच्या खांचा किती, कोणती प्लेट बसली, हें प्रत्येक सभासदानें आपलें काम झाल्यावर तींत लिहावें. दोन-तीन वर्षांत आपल्या भागांतील बहुतेक गाड्यांचीं मापें त्या वहींत जमा होतील, आणि पुढच्या शेतकऱ्यास इंजिन विकत घेण्यापूर्वीं पान उलटून पाहतां येईल. हें काम करण्यास ज्या संस्था तयार असतील त्यांनीं पहिली नोंद येत्या हंगामापूर्वींच करावी.